धुतलेली वायर

माझ्या पोरीचा पेपर अकराला होता आणि नऊ वाजता कॉम्प्युटरवर नेट नव्हतं.

आमचं गाव जिंतूरच्या बाजूला, रस्त्याला लागून आहे. घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. तिच्यामागं मधली खोली, मग स्वयंपाकघर. मोबाइलची रेंज स्लॅबवर गेलं तरच येते, म्हणून खांबावरून गावात नेटची वायर आली तेव्हा मी ती घरात घेतली. खांबावरची वायर जिथून आत शिरली तिथंच, गिरणीच्या खोलीतल्या कोनाड्यात, वायरवाल्या माणसानं मोडेम बसवून दिला. तिथून एक लांब वायर खिडकीच्या गजातून मधल्या खोलीत, पोरीच्या टेबलापर्यंत.

परीक्षा पुण्याच्या एका कंपनीची होती. पास झालं की तिथंच शिकवणार आणि शिकल्यावर कामाला घेणार. बी.एस्सी. होऊन पोरगी घरी बसली होती. किती ठिकाणी अर्ज केले त्याचा हिशेब तिनंही ठेवला नव्हता. बोलावणं आलं ते एवढं एकच. परीक्षा घरातूनच द्यायची होती, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बसून. नियम तिनं मला आदल्या दिवशी वाचून दाखवले होते. खोलीत दुसरं माणूस नको. दुसरा आवाज नको. मोबाइल खोलीच्या बाहेर. नेट वायरीवरचंच पाहिजे, वायफाय चालणार नाही. खुर्ची सोडली की पेपर बंद. नेट गेलं आणि दोन मिनिटांत परत आलं नाही तरी पेपर बंद. आणि बंद झाला की पुन्हा देता येणार नाही.

मी तसं भिणारी बाई नाही. गिरणीत साप निघाला तर बाजूला होऊन त्याला वाट देते आणि दळण पुढं चालू ठेवते. पण पोरगी गिरणीच्या खोलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, नेट येईना," तेव्हा मी हातातलं काम टाकलं. कारण ती हळू आवाजात बोलली. ती घाबरली की आवाज खाली जातो तिचा.

"वायर नीट बसवली का?"

"बसवली. तिकडून बी बघितली, इकडून बी. कॉम्प्युटर म्हणायलाय वायरच न्हाई."

गिरणी बंद पडली की माझी एक रीत आहे. आधी लाइट आहे का बघायचं, मग मोटर, मग पट्टा, शेवटी दगड. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर कशानं सुरू झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. मोडेम म्हणजे काय ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण बंद पडलेली वस्तू मला कळते. म्हणून मी तीच रीत धरली.

मोडेमवर दिवे लागले होते. लाइटचा दिवा स्थिर, खांबावरून नेट येतं तो दिवाही स्थिर. माझा मोबाइल मोडेमजवळ धरून बघितला, वायफायवर हवामान उघडलं. म्हणजे घरापर्यंत नेट येत होतं. मोडेमच्या पाठीमागं वायर खुपसायची चार भोकं आहेत आणि प्रत्येकाचा एक बारीक हिरवा दिवा. वायर ज्या भोकात होती त्याचा दिवा मेलेला. मोटर फिरत होती, पट्टा फिरत नव्हता.

मोडेम बंद करून चालू केला. नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाही. वायर दुसऱ्या भोकात घातली, दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. तिसऱ्या, चौथ्या भोकात तेवढंही नाही. मग पोरीला कॉम्प्युटरच घेऊन यायला सांगितलं. लांब वायर गुंडाळून तो तिथं, मोडेमला खेटून लावून बघितला. तरी दिवा नाही. म्हणजे खिडकीच्या गजात वायर कुठं चेपली, उंदरानं कुरतडली, असलं काही नव्हतं. एक तर वायरीचं टोक, नाही तर कॉम्प्युटरचं भोक. कोणतं ते बघायला दुसरी वायर पाहिजे आणि दुसरी वायर घरात नव्हती.

मी स्लॅबवर जाऊन वायरवाल्याला फोन लावला.

"ताई, मी देवगाव फाट्यावर हाय. खांबावरूनच बोलायलोय. दुपार तर होतीयच मला."

"भाऊ, पोरीचा पेपर आहे अकराला."

"मंग ताई, जिंतूरहून वायर आणवा की कुणाला लावून."

जिंतूरला लावायला घरात माणूस नव्हतं. पोरीचे वडील सकाळीच सोयाबीनवर गेले होते. मळणीयंत्र मोठ्या मुश्किलीनं त्या दिवसाचं मिळालं होतं, ढगही होते, आणि शेतात फोन लागत नाही. एस.टी.नं मी स्वतः गेले असते तर दुकान उघडायची वाट बघून, वायर घेऊन परत येईपर्यंत पेपर संपला असता.  खाली आल्यावर मी तोंड नेहमीसारखं केलं.

"काय म्हणले?"

"येतो म्हणाला. आपण तोवर बघू."

हे खोटं होतं. पण तिला त्या वेळी खरं सांगून कुणाचा काय फायदा होता?

वायरीचं टोक मी उजेडात आणलं आणि तेव्हा मला दिसलं की वायर पांढरी आहे. गिरणीतली वस्तू पांढरी राहत नाही. पीठ बसतं, त्यावर मोटरीच्या तेलाचा ओशटपणा बसतो, वर्षभरात सगळं राखाडी होतं. ही वायर दुकानातून आणल्यासारखी होती आणि तिला धुण्याच्या पावडरीचा वास येत होता.

मामी दारात उडीद निवडत बसल्या होत्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात. त्यांना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळं त्या स्वतः मोठ्यानं बोलतात.

"मामी, ही वायर तुमी धुतली का?"

"धुतली की परवा! मंग? घट बसायलेत आता. घरात तशी काळीकुट्ट ठिवायची का?"

घट बसायच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरातलं असेल नसेल ते बाहेर काढायचं, गोधड्यांपासून उतरंडीपर्यंत, आणि ज्याला पाणी सोसतं ते सगळं धुवायचं. मामींच्या मते पाणी सगळ्यालाच सोसतं. मागं एकदा त्यांनी घड्याळ धुतलं होतं.

"काढली कशी?"

"वढली. निघंना. मंग जरा जोरानं वढली."

"आणि वाळत?"

"दोरीवर घातली, गोधड्याच्या बाजूला. चांगली कडक वाळली. मीच लावली की परत. काऊन, काय झालं?"

दोन दिवस पोरगी मोबाइलवरच वाचत होती, म्हणून वायर गेल्याचं कुणाला कळलं नव्हतं. टोकाला प्लास्टिकची एक बारीक जीभ असते. ती दाबून वायर काढायची आणि घालताना टक असा आवाज येऊन ती अडकते. ती जीभ मुळातून तुटली होती. आतल्या तांब्याच्या दातांवर हिरवट पापुद्रा धरला होता. मी जुन्या कोरड्या दातांच्या ब्रशनं तो घासला, फुंकलं, पुन्हा घासलं. पोरीनं तोवर कॉम्प्युटर परत टेबलावर नेऊन दुसरं टोक त्याला लावलं होतं. मी वायर भोकात घातली आणि अंगठ्यानं वरच्या बाजूला दाबून धरली. दिवा लागला. हिरवा, स्थिर. अंगठा काढला. गेला.

आतून पोरगी ओरडली, "आलं! मम्मी, आलं... गेलं."

मामी उठून माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तुटलेलं टोक बघितलं, मग माझ्याकडं.   त्या जिथं होत्या तिथंच खाली बसल्या, पिठाच्या डब्यावर, आणि पदर तोंडाला लावला.

मग आम्ही मायलेकींनी जे सुचेल ते केलं. भोकात वायरीखाली काडेपेटीची काडी घातली. टिकली थोडी, मग दिवा गेला. पुठ्ठ्याची घडी घातली. रबर गुंडाळलं. चिकटपट्टी लावली, ती मोडेमच्या गरम अंगावर धरेना, आणि कितीही पुसलं तरी पिठाचा थर असतोच. वायर उलटी फिरवून तुटकं टोक कॉम्प्युटरला आणि चांगलं टोक मोडेमला लावून बघितलं. तिकडं तर आणखीच ढिलं बसत होतं, म्हणजे पोरीला एका हातानं वायर धरून दुसऱ्या हातानं पेपर सोडवावा लागला असता. पुन्हा सुलटी केली. प्रत्येक वेळी दिवा गेला की परत लागायला वेळ घ्यायचा. आधी काहीच नाही, मग पिवळा, मग हिरवा. 

साडेदहाला कॉम्प्युटरवरून परीक्षेत शिरायला सुरुवात झाली होती. पोरगी रडत नव्हती. रडली असती तर मी रागावून तिला उठवलं असतं. ती रबराचा तुकडा बोटाला गुंडाळत उभी होती.

"जा, बस," मी म्हणाले. "दार लाव आतून. मी धरते."

"दीड तास?"

"दळणाचे डबे उचलतेच ना मी?"

"मम्मी, माइक चालू असतो. तिकडचा आवाज इकडं येतो."

"कोण बोलणारे इथं?"

गिरणी बंद ठेवायची हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. रस्त्याकडचं शटर मी ओढून घेतलं. राहिलं बोळातून अंगणात यायचं दार. पित्तराचे, म्हणजे पितृपक्षाचे दिवस होते, वड्याचं पीठ सगळ्यांनाच पाहिजे असतं, आणि शटर बंद दिसलं की लोक बोळातून येतात हे मला माहीत होतं. म्हणून मामींना त्यांची काठी देऊन अंगणाच्या दारात बसवलं.

"कुणाला आत येऊ द्यायचं न्हाई. अन् बोलायचं न्हाई मामी. एक शब्द न्हाई."

"न्हाई बोलत!" मामी इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारचं कुत्रं भुंकलं.

अकराला आतून टकटक ऐकू आली. आमचं तसं ठरलं होतं: पेपर सुरू झाला की टेबलावर दोनदा बोट वाजवायचं, त्यापुढं काही नाही.

कोनाडा माझ्या पोटाच्या उंचीला आहे. मी उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले तर हात वर राहायचा आणि उभी राहिले तर वाकावं लागायचं. मी बसले. अंगठा खालून, बोटं वरून, कोपर भिंतीला. नजर दिव्यावर. हात बदलायचा नाही, कारण बदलताना दिवा जाणार. सुरुवातीला सोपं वाटलं. मग खांदा भरून आला, मग कोपरापासून खाली मुंग्या आल्या. पण दुखण्याचं काही नव्हतं. भीती होती ती वेगळ्याच गोष्टींची. छतावरची पाल कोनाड्याच्या वर आली आणि थांबली, तेव्हा मला पालीची भीती नव्हती. पाल अंगावर पडली तर आपला हात आपोआप हलेल याची होती. शिंक येईल याची होती. रस्त्यावरून ट्रॅक्टर गाणी लावून गेला, त्याचा आवाज मधल्या खोलीत किती गेला असेल याची होती. मग लाइट गेली. इन्व्हर्टर ओरडला, मोडेमचे सगळे दिवे मला क्षणभर थरथरल्यासारखे दिसले, पण लागलेले राहिले. पंखा मात्र इन्व्हर्टरवर नव्हता. शटर बंद, पंखा बंद. पाच मिनिटांत मी घामानं निथळले. अंगठा घामानं घसरायला लागला. पदराचं टोक दातात धरून मी डाव्या हातानं त्याला पुसत होते.

आणि आत काय चाललंय ते काहीच कळत नव्हतं. दिवा हिरवा आहे एवढंच. पोरीला प्रश्न येताहेत की नाही, तिनं रात्रभर जे घोकलं ते आठवतंय की नाही, ते भिंतीपलीकडं.

बाहेर मामींचा आवाज आला. "हाड! हाड! अगं शेळी शिरली, उडीद खाल्ला माय समदा!" मग काठी आपटल्याचा आवाज, मग मामींच्या चपला बोळाकडं. मी डोळे मिटून घेतले. टकटक नाही, खुर्ची वाजली नाही. डोळे उघडले, दिवा हिरवा.

अंगणाचं दार उघडं राहिलं होतं.

"वैनी! ओ वैनी! गिरणी बंद काऊन ठिवली?"

आमच्या गल्लीतली बाई. माझ्यापेक्षा वयानं लहान, बोलायला फटकळ, मनानं चांगली. डोक्यावर उडदाचा डबा घेऊन थेट आत आली. उजेडातून आल्यामुळं तिला आधी काही दिसलं नसावं.

"उद्या सासऱ्याचं पित्तर हाय माझ्या. मेल्यावर बी वड्याबिगर चालत न्हाई त्यान्ला. लाइट आली की तेवढं..."

मी मान हलवली. डोळे मोठे केले. ओठांवर बोट ठेवायला गेले, पण डाव्या हातात पदर होता आणि त्याचं टोक दातात. तोंडातून फक्त हवा निघाली.

ती थांबली. मी तिला कशी दिसले असेन ते मला नंतर कळलं. लाइट नसतानाही दिवे लागलेल्या भिंतीतल्या विजेच्या डबीला हात चिकटलेला, अंग ताठ, दात आवळलेले, घामानं निथळलेली, डोळे बाहेर आलेले, आणि तोंडातून शब्द नाही.

तिचा धाकटा दीर विहिरीवरच्या मोटरीला चिकटून गेला होता. त्याला सोडवायला गेलेला त्याचा चुलतभाऊही गेला. लोक म्हणाले, कुणी तरी लाकडानं मारायला पाहिजे होतं. मयतीला मी होते. तिनं ते ऐकलं तेव्हा मी तिच्या बाजूलाच बसले होते.

तिनं डबा टाकला. उडीद सगळ्या खोलीभर पसरला. पट्टा सरकवायची माझी लाकडी दांडी कोपऱ्यात असते, ती तिनं उचलली आणि माझ्या हातावर, मनगटाच्या वर, अंगातल्या सगळ्या जोरानं मारली.

हात खाली पडला. वायर निघाली. दिवा गेला.

"सुटली!" ती किंचाळली. "सुटली माय, सुटली!"

मी डाव्या हातानं तिचं तोंड दाबलं. तिला भिंतीशी दाबून धरलं आणि उजव्या हातानं वायर शोधायला लागले. हात माझा नव्हताच. बोटं वळेनात. वायर खाली लोंबत होती, ती दोनदा हातात येऊन निसटली. मग मी बाईला सोडलं आणि डाव्या हातानं वायर उचलून भोकात घातली, दाबली. काही नाही. जरा तिरकी केली. काही नाही. आणखी वर.

तेवढ्यात मधल्या खोलीत खुर्ची सरकली.

तो आवाज मला ओळखीचा आहे. पोरगी उठताना खुर्ची मागं ढकलते, फरशीवर ती तशीच करकरते. ती उठत होती. मला विचारायला बाहेर येणार होती. दाराची कडी काढली की कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसणार, आणि मग नेट येवो न येवो, पेपर बंद. आणि मला तिला एवढंच सांगायचं होतं, बस, उठू नकोस. भिंत वीटभर जाडीची होती. मी नुसतं नेहमीच्या आवाजात बोलले असते तरी तिला ऐकू गेलं असतं. पण माइक चालू असेल तर तेही ऐकू गेलं असतं. मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. तिथं निदान ओरडता येतं.

कडीचा आवाज आला नाही. मी वाट बघत राहिले. आला नाही.

भोकाजवळ पिवळं काही तरी चमकलं. मग हिरवं. मग हिरवा दिवा भराभर लुकलुकायला लागला.

बाई भिंतीला टेकून उभी होती. मी मानेनं मधल्या खोलीकडं दाखवलं आणि ओठांनी म्हणाले, "पेपर. पोरीचा." तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबलं.

मग ती माझ्या जवळ सरकली आणि कानाशी कुजबुजली, "वैनी, मला वाटलं तुमी गेल्याव."

मी मान हलवली.

"लय लागलं का?"

मी पुन्हा मान हलवली. लागलं होतं, पण हे काही विचारायची वेळ नव्हती. ती उडदात गुडघे टेकून बसली आणि माझं डावं कोपर तिनं आपल्या खांद्यावर घेतलं. तशा आम्ही बसलो. मामी शेळी हाकलून आल्या, दारात त्यांनी आम्हां दोघींना आणि उडदाला बघितलं, काही तरी बोलायला तोंड उघडलं, आणि बाईनं त्यांच्याकडं असे डोळे वटारले की मामी काठी पोटाशी धरून उंबऱ्यावर बसल्या.

नेट किती वेळ गेलं होतं? दोन मिनिटं झाली होती का? मला सांगता आलं नसतं. मला तर ते अर्ध्या दिवसाएवढं वाटलं होतं. कदाचित पेपर तेव्हाच बंद पडला असेल. कदाचित पोरगी आत नुसतीच पांढऱ्या पडद्यासमोर बसली असेल, आणि आम्ही दोघी बाया एका मेलेल्या पेपराची वायर धरून बसलो असू. दिव्यावरून ते कळत नव्हतं. लुकलुकणं म्हणजे काही तरी जातंय-येतंय एवढंच. काय जातंय ते दिवा सांगत नाही. विचारायचं तर कुणाला? धरून ठेवणं एवढंच हातात होतं. मी धरून ठेवलं.

मध्ये लाइट आली. पंखा सुरू झाला, मी दचकले, बाईनं कोपर घट्ट धरलं.

शेवटी कडी वाजली. पोरगी दारात आली. तोंड धुतल्यासारखा घाम होता तिच्या तोंडावर. तिनं खाली पसरलेला उडीद बघितला, बाईला बघितलं, माझा सुजलेला हात बघितला.

"मध्ये गेलतं ना?" मी विचारलं. 

"गेलतं. पडदा पांढरा झाला अन् उलटे आकडे चालू झाले. मला वाटलं संपलं."

"खुर्ची वाजली. उठली होतीस तू."

"उठायले होते. पायच उचलंनात." ती दाराच्या चौकटीला टेकली. "कुणी तरी किंचाळलं, मला वाटलं तुलाच काही झालं. उठावं तर पाय हलंनात. लय भ्याले मी, मम्मी. तशीच बसले. मग आलं परत."

लहानपणापासून मी या पोरीला भिऊ नको, भिऊ नको सांगत आले. न भिणारी असती तर त्या दिवशी दार उघडून बाहेर आली असती. पुढं निकाल आला आणि तो चांगला आला, ती पुण्याला गेली. पण ते नंतरचं. त्या वेळी आम्हांला कुणालाच काही माहीत नव्हतं.

"मीच मारलं गं," बाई म्हणाली. "तुझ्या आईला करंट लागला म्हणून."

"मारलं?"

"दांडीनं. चांगलं मारलं बघ. माझ्या सासऱ्याला बी कधी असं मारावं वाटलं न्हाई."

पोरगी हसली. मग तिचं हसणं थांबेना आणि तेच रडणं झालं. मामी उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.  म्हणाल्या, "चहा टाकते," आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, कुणीही न विचारता, "साखर जास्त घालते!"

"मम्मी, सोड आता," पोरगी नाक पुसत म्हणाली. "झालंय."

"पेपर गेला का तिकडं?"

"गेला. जमा झाला म्हणून आलं लिहून."

"पुन्हा बघ."

"अगं बघितलं मी."

"पुन्हा बघ. नीट वाच."

ती आत गेली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, बाईच्या खांद्यावर माझं कोपर. आतून पोरीनं वाचून दाखवलं, सगळं, शब्दाशब्दानं. मग मी अंगठा काढला. दिवा लगेच गेला.